हाताला धागा, जिवाला थारा

सैल चिमूट

हाताने सूत कातायला तीन गोष्टी लागतात: कापसाचा पेळू (पिंजलेल्या कापसाची सैल वळी), फिरणारी चात (धाग्याला पीळ देणारी बारीक सळई) आणि पेळू धरणारा सैल हात. पहिल्या दोन विकत मिळतात. तिसरी अंगी यायला कुणाला आठवडा लागतो, कुणाला महिना. कापसाचा एकेक तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांब असतो. असे असंख्य सुटे तंतू एकमेकांवरून सरकत पातळ होत जातात आणि सरकता सरकताच चातीचा पीळ त्यांना पकडतो. पीळ कमी पडला तर तंतू घसरतात आणि धागा विरून सुटतो. जास्त झाला तर धागा स्वतःभोवतीच वेटोळी घालतो आणि तटकन तुटतो. चिमूट घट्ट झाली तर पेळूतून तंतू सुटतच नाहीत आणि फार ढिली पडली तर गाठाळ, जाडाभरडा भाग तसाच पुढे जातो.

पेटी चरख्यावर उजवा हात चाक फिरवतो. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत पेळू असतो आणि तो हात चातीपासून मागे मागे जात राहतो. हातभर धागा निघाला की चाक किंचित उलटे फिरवून चातीच्या टोकावरचे वेढे सोडवायचे, मग सुलटे फिरवून तो धागा चातीच्या अंगावर भरायचा आणि पुन्हा हात मागे न्यायचा. ओढ, पीळ, उलटा फेरा, भरणी एवढेच चक्र तासभर चालते. बघणाऱ्याला ते एकसुरी दिसते. कातणाऱ्याला मात्र दर हातभर धाग्यामागे नवा निर्णय घ्यावा लागतो, कारण पेळूचा प्रत्येक भाग सारखा पिंजलेला नसतो. कुठे सरकीचा कण अडकलेला असतो, कुठे तंतू गोळा झालेले असतात.

मनावर ताण असला की तो आधी अंगात दिसतो. खांदे वर चढतात, जबडा आवळला जातो, बोटे नकळत मिटतात. एरवी हे ध्यानातही येत नाही. कातताना ते लगेच कळते, कारण धागा तुटतो. पुढचा धागा काढायचा तर बोटे सैल सोडण्यावाचून गत्यंतर नसते आणि बोटे सैल सोडायची तर खांदा खाली आणावा लागतो. खांदा उतरला की श्वासही लांबतो. अस्वस्थ माणसाला ‘शांत हो’ असे सांगून काही साधत नाही; शांत व्हायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्याला त्या घडीला उमगत नसते. चात त्याला करण्याजोगी एकच लहानशी गोष्ट देते, आणि ती जमली की नाही हे दोन क्षणांत दाखवून देते. सूतकताईतला दिलासा सुरू होतो तो इथून, हाताच्या पातळीवर. त्यामागचे तत्त्वज्ञान पुष्कळ पुढचे.

तुटलेला धागा सांधणे हा या कामाचाच भाग आहे. गाठ मारत नाहीत. चातीवरच्या धाग्याचे टोक पेळूच्या मोकळ्या तंतूंवर ठेवायचे, चाक हलके फिरवायचे; पीळ दोन्हींना एकत्र घेतो आणि सांधा दिसतही नाही. नवशिक्या पहिल्या तासात हे इतक्या वेळा करतो की तुटण्याची धास्तीच उरत नाही.

सुलट, उलट

लोकरीच्या विणकामाची रचना वेगळी आहे. इथे धागा तयार मिळतो. एका फाशातून दुसरा फासा ओढून काढत कापड वाढते आणि अख्खा स्वेटर काही थोड्या अखंड धाग्यांचा असतो. मुळात टाके दोनच, सुलट आणि उलट. सगळ्या ओळी सुलट घातल्या की जाड, दोन्हीकडून सारखी वीण येते. एक ओळ सुलट आणि एक उलट घातली की गुळगुळीत. एक टाका सुलट, एक उलट असे आलटून पालटून घातले की मनगटाची आणि गळ्याची ताणली जाणारी पट्टी. नक्षी कितीही गुंतागुंतीची असो, तिच्या पोटात हे दोनच टाके असतात. टाका सुईवरून निसटला तर तो ओळीमागून ओळ शिडीसारखा खाली उतरत जातो, पण क्रोशाच्या हुकाने त्याच शिडीवरून त्याला वर आणता येते. फारच चुकले तर सुई काढून धागा ओढायचा, उसवायचे, गुंडा करायचा आणि त्याच लोकरीने पुन्हा टाके घालायचे. शिवणकामात कात्री चुकली की कापड वाया जाते, सुतारकामात करवत चुकली की फळी. विणकामात चूक करणाऱ्याचे नुकसान फक्त वेळेचे होते. आधीच कशाकशाने पोळलेल्या माणसाला ही मुभा फार मोठी वाटते.

घरोघरी विणणाऱ्या बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: काळजीच्या दिवसांत घातलेली वीण घट्ट येते. एकाच स्वेटरच्या दोन बाह्या, तीच लोकर, त्याच दहा नंबरच्या सुया, टाकेही मोजून तितकेच. पण एक बाही परीक्षेच्या किंवा आजारपणाच्या आठवड्यात विणली असेल तर ती बोटभर आखूड भरते. म्हणून अनुभवी बाई कठीण काळात आठ नंबरची, म्हणजे जाड सुई घेते. दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, आठ नंबरची चार मिलिमीटरची; एवढ्या फरकाने आवळलेल्या हाताची वीणही मऊ येते.

आजच्या दुकानांत लोकर म्हणून जे विकले जाते त्यात बरेचसे ॲक्रिलिक असते. लुधियानाच्या गिरण्यांतून ते येते आणि सुयांचा मोठा भाग निलगिरीतल्या केत्ती गावच्या कारखान्यातून. ॲक्रिलिक स्वस्त आहे, घरी धुता येते, बाळाच्या अंगाला टोचत नाही. त्याच्या निसटत्या, गुळगुळीत स्पर्शाला मात्र खऱ्या लोकरीची सर येत नाही. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि त्याला जन्मतःच नागमोड असते. त्यामुळे ती बोटांना थोडी धरते, ताणली तरी परत येते आणि कमी पिळातही सांधलेली राहते. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, घोंगडीच्या लायकीची. पण चातीवर कातायला शिकणाऱ्याला ती कापसापेक्षा कितीतरी जास्त सांभाळून घेते.

मुंबईच्या लोकलमधल्या महिला डब्यात हे काम उघड्यावर चालत आले आहे. गर्दीत कोपर हलवायला जागा नसते, म्हणून तिथे लांब सुयांपेक्षा क्रोशाचा एकच हुक सोयीचा पडतो. पिशवीत गुंडा, हातात हुक, आणि स्टेशने मोजण्याऐवजी ओळी मोजल्या जातात. गाडी सिग्नलला अडकली की डबाभर चुळबुळ सुरू होते. विणणारीला तेवढ्यात अर्धी ओळ जास्त मिळते. थांबून राहण्याचा वेळ, मग तो गाडीतला असो, अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकड्यावरचा असो की कोर्टाच्या व्हरांड्यातला, माणसाला सर्वांत जास्त खातो, कारण त्यात करण्यासारखे काहीच नसते. तिथे हातातले विणकाम वेळेला माप देते.

डोक्यात काय घडते

विणण्याने मनाला काय होते यावर संशोधन झाले आहे, ते प्रामाणिकपणे वाचायला हवे. ब्रिटनमध्ये जिल रायली, बेटसन कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांनी 2013 साली विणणाऱ्यांचे आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यात 3,545 जणांनी उत्तरे दिली. जे वारंवार विणतात त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हे सगळे आपणहून उत्तर देणारे, मुळातच विणकामाची आवड असणारे लोक होते. त्यामुळे विणल्याने शांती मिळते की शांत माणसे विणतात, हा प्रश्न त्यातून पुरता सुटत नाही. कॅनडात 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अन्न टाळण्याच्या गंभीर विकारासाठी रुग्णालयात असलेल्या 38 स्त्रियांना विणायला शिकवले गेले. त्यांतल्या 74 टक्के स्त्रियांनी, आपल्या आजाराविषयीच्या भीतीची आणि विचारांची तीव्रता कमी झाल्याचे नोंदवले. गट लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरीही जेवणाच्या नुसत्या विचाराने कासावीस होणाऱ्या रुग्णाला तेवढी उसंत मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

कारणाकडे बोट दाखवणारा जास्त नेमका धागा मिळतो तो भलत्याच प्रयोगातून. एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली असे दाखवले की, भयंकर दृश्यांची चित्रफीत पाहिल्यानंतर अर्ध्या तासाने जे लोक टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा खेळ खेळले, त्यांच्या डोळ्यांपुढे ती दृश्ये पुढच्या आठवड्यात तुलनेने कमी वेळा उभी राहिली. त्यामागचा तर्क असा: मनाची, एका वेळी चित्रे धरून ठेवणारी जागा मर्यादित असते, आकार आणि जागा यांचे काम तिला दिले की नको असलेल्या चित्राला तिथे पुरती जागा मिळत नाही. त्या प्रयोगात विणकाम नव्हते. पण पुढचा टाका कुठे, हात किती मागे, नक्षीची कितवी ओळ, हे सारे डोळ्यांचे आणि जागेच्या अंदाजाचेच काम आहे, त्यामुळे तोच तर्क इथेही लागू पडत असावा असे मानायला आधार आहे.

हर्बर्ट बेन्सन या अमेरिकन डॉक्टरांनी 1970 च्या दशकात शरीराच्या विश्रांती-प्रतिसादाचे वर्णन केले. एखादा शब्द, आवाज किंवा हालचाल पुन्हा पुन्हा करत राहिले आणि मन भरकटले की त्याला हलकेच तिथे परत आणले, तर नाडी आणि श्वास संथ होतात. जपमाळ ओढणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही. टाक्यांमध्ये जपापेक्षा वरचढ एक गोष्ट आहे: मन भरकटून किती वेळ गेला, हे वीण पाहून सांगता येते.

तुरुंगातले चाक

ताणाच्या काळात कातणे म्हणजे काय, याची भारतातली सर्वांत भरीव साक्ष तुरुंगांतून मिळते, आणि तिचा एक मोठा भाग पुण्याचा आहे. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी 1922 ते 1924 आणि पुन्हा 1930 च्या सत्याग्रहानंतर होते. मिटवून पेटी करता येईल आणि हातात धरून नेता येईल असा चरखा त्यांनी 1930 मध्ये तिथेच घडवत आणला. तो ‘यरवडा चक्र’ म्हणून ओळखला गेला. जुना उभ्या चाकाचा चरखा घरात जागा अडवणारा, सुतारावाचून दुरुस्त न होणारा. या पेटी चरख्यात एक मोठे आणि एक लहान अशी दोन आडवी चाके माळेने जोडलेली असतात. मोठ्याचा एक फेरा लहानाला अनेक फेरे देतो आणि लहानाचा वेग चातीला जातो. म्हणून संथ हातानेही चात भरभर फिरते. ज्याच्याकडे जागा नाही, साधने नाहीत, पण वेळ अपार आहे, अशा कैद्याच्या गरजेतून हे यंत्र आले आणि मग देशभर गेले.

तुरुंगात माणसाकडून सर्वांत आधी हिरावून घेतली जाते ती दिवसाची आखणी. उठणे, जेवणे, कोंडले जाणे हे सारे दुसऱ्याच्या घंटेवर. कातणाऱ्या कैद्याकडे स्वतःचा म्हणावा असा एक हिशेब राहतो. खादीच्या मापात चार फुटांचा एक तार आणि 640 तारांची एक गुंडी. फाळक्यावर, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या चौकटीवर, सूत उतरवताना तार मोजले जातात, आणि आज काय झाले या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळते. खटल्याचा निकाल, सुटकेची तारीख, बाहेरची बातमी यांपैकी काहीही हातात नसताना तारांची संख्या हातात असते.

ते सूत बाहेरही जाऊ शके. जवाहरलाल नेहरूंनी तुरुंगात कातलेल्या सुताची साडी विणली गेली आणि मार्च 1942 मध्ये लग्नाच्या दिवशी इंदिरा गांधींनी ती नेसली. बाप मुलीजवळ नव्हता त्या महिन्यांचे ते सूत होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गांधीजी आणि कस्तुरबांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध केले गेले. आठवडा उलटण्याच्या आत, 15 ऑगस्ट 1942 रोजी, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई तिथेच वारले. 22 फेब्रुवारी 1944 रोजी कस्तुरबा गेल्या. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताच्या साडीत त्यांना अखेरचा निरोप दिला गेला. महादेवभाई आणि कस्तुरबा या दोघांच्या समाध्या त्या आवारात आहेत. पतीच्या हातचे सूत अंगावर वागवलेल्या स्त्रीला शेवटी तेच मिळाले. शोकात माणसाला काहीतरी करायचे असते आणि करण्यासारखे काही उरलेले नसते. आधी केव्हातरी, संथ दिवसांत कातून ठेवलेले सूत अशा वेळी उपयोगी पडले.

खंदकातले मोजे, केईएमचा विभाग

विणकाम सामूहिक धीराचे साधन झाले ते पहिल्या महायुद्धात. पश्चिम आघाडीच्या खंदकांत सैनिक दिवसचे दिवस गार चिखलात उभे असत. ओल्या पायांची कातडी आणि मांस सडण्याचा विकार शेकड्यांनी माणसे निकामी करत होता. उपाय साधा होता: कोरडे मोजे, आणि ते वारंवार बदलणे. ब्रिटनमध्ये आणि पुढे अमेरिकी रेडक्रॉसच्या हाकेवर अमेरिकेत घराघरांतून, शाळाशाळांतून लोकरीचे मोजे विणले जाऊ लागले. ज्यांचे मुलगे आघाडीवर होते त्यांना पत्राची वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नव्हते. मोज्याची टाच वळवताना लागणारे लक्ष त्यांना तेवढा वेळ त्या वाटेवरून बाजूला नेई, आणि तयार मोजा खरोखर कुणाच्या तरी पायात जाई. निव्वळ मन रमवण्यासाठी केलेल्या कामाला हे बळ येत नाही.

तोफगोळ्यांच्या माऱ्याने मनाने कोसळलेले सैनिक परत आले तेव्हा रुग्णालयांत त्यांच्याही हातात टोपल्यांच्या काड्या, भरतकाम आणि विणकाम दिले गेले. हातकामाने उपचार करण्याच्या या पद्धतीचा व्यवसाय म्हणून पाया अमेरिकेत 1917 मध्ये घातला गेला. भारतात ती विद्या आणली कमलाबाई निंबकर यांनी. जन्माने त्या अमेरिकन, लग्नानंतर मुंबईकर. 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी शाळा सुरू केली. आशियातली ती पहिली मानली जाते. त्यांचे पुत्र बनबिहारी निंबकर यांनी पुढे फलटणला शेतीसंशोधन संस्था उभारली आणि दख्खनी मेंढीवर मोलाचे काम केले. आई हातकामाने माणसे सावरणारी आणि मुलगा मेंढ्यांच्या अभ्यासात गढलेला, ही गोष्ट या विषयात नोंदवल्यावाचून राहवत नाही.

व्यवसायोपचारात कामाची निवड रुग्णाकडे पाहून होते. थरथरत्या हाताला जाड लोकर आणि लाकडी जाड सुया, एकाग्रता न टिकणाऱ्याला चार बोटे रुंदीची पट्टी, निराशेने ग्रासलेल्याला एका बैठकीत पुरे होईल असे काहीतरी. पुरे होणे महत्त्वाचे, कारण निराश माणसाच्या आयुष्यात तेच थांबलेले असते.

विणकामातून मिळणाऱ्या धीराचा मोठा सामुदायिक प्रत्यय महाराष्ट्राने घेतला तो 1962 च्या चीन युद्धात. नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, उंचीवर जवान अपुऱ्या कपड्यांत लढत असल्याच्या बातम्या आल्या आणि देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. ज्या गावांत थंडीला घोंगडी पुरते आणि स्वेटर चैनीचा समजला जातो, तिथल्या शाळकरी मुलीही मफलर विणायला शिकल्या. त्या विणीत चुका असतील, मापे बिघडली असतील. पण अपमानाच्या आणि भीतीच्या त्या हिवाळ्यात घरात बसलेल्यांना स्वस्थ बसवत नव्हते, आणि विणकामाने त्या अस्वस्थतेला वाट दिली.

सक्ती आली की

या कामात शांती आहे म्हणून ते सर्वांवर लादावे, असे वाटण्याचा धोका असतो. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावच्या अधिवेशनात काँग्रेसने सभासदत्वासाठी दरमहा 2,000 वार सूत देण्याची अट घातली. म्हणजे सव्वादोन गुंड्यांहून थोडे अधिक. पुष्कळांनी स्वतः न कातता दुसऱ्याने कातलेले सूत विकत घेऊन भरले, सभासदसंख्या घसरली आणि वर्षाच्या आत ती अट सैल करावी लागली. रवींद्रनाथ ठाकुरांनी 1925 मध्ये चरख्याच्या पंथावर लेख लिहून, तीच ती हालचाल माणसाच्या बुद्धीला बोथट करते, असा आक्षेप घेतला. तो आक्षेप हलक्यात घेण्याजोगा नाही. ठरावीक गुंड्यांवर ज्यांची मजुरी अवलंबून असते त्या कातणाऱ्या बायकांना चाकाची घरघर ध्यानासारखी वाटत नाही. त्यांना पाठ दुखते आणि दर कमी मिळतो. दिलासा मिळतो तो केव्हा थांबायचे हे कातणाऱ्याच्या हाती असते तेव्हा. छंद म्हणून विणणारीनेही बारशाच्या तारखेआधी तीन कुंच्या पुऱ्या करायचे कबूल केले की तिची वीण पुन्हा घट्ट होऊ लागते.

शरीराच्याही मर्यादा आहेत. मनगट आणि अंगठ्याचे सांधे दुखावतात, मान आखडते. अर्ध्या तासाने उठून हात झटकणे, उजेड डाव्या खांद्यावरून घेणे, मनगट सरळ ठेवणे एवढे पाळले तर बरेच टळते. बोटे बधिर होऊ लागली तर विणकाम थांबवून डॉक्टर गाठावा. खोल नैराश्यात सुई उचलण्याचीही ताकद नसते. तिथे आधी औषधोपचार, मग लोकर.

पहिली गुंडी, पहिली पट्टी

शिकायचे तर काळ बरा असताना शिकावे. नवशिक्याचे पहिले काही दिवस त्रासाचेच असतात आणि संकटात तो त्रास झेपत नाही. विणकामासाठी फिक्या रंगाची, एकसारख्या जाडीची लोकर आणि आठ नंबरच्या सुया घ्याव्यात. गडद रंगात टाके दिसत नाहीत, केसाळ लोकर उसवता येत नाही. तीस टाके घालून सगळ्या ओळी सुलट विणत मफलर करावा.

कातण्यासाठी चरख्याच्या आधी टकळी, म्हणजे हाताने फिरवायची सुटी चात, बरी. ती स्वस्त, खिशात मावणारी, आणि पीळ कसा चढतो हे ती डोळ्यांदेखत दाखवते. पेळू चांगला नसेल तर कसलेला हातही हरतो. म्हणून घरी कापूस पिंजण्याच्या खटाटोपात सुरुवातीला पडू नये. खादीचे काम करणाऱ्या संस्थांकडून तयार पेळू आणावेत, ते पावसाळ्यात डब्यात बंद ठेवावेत आणि कातण्याआधी थोडे ऊन दाखवावे. ओल धरलेला पेळू सरकत नाही. पहिले सूत जाड-बारीक येते. ते फेकू नये: दुहेरी पीळ घातला की त्याची वात होते, नाडी होते, आणि कातणाऱ्याला पुढच्या महिन्यात ते जवळ ठेवून नव्या सुताशी ताडून पाहता येते.